पन्नास की साठ? : मालवणच्या किनाऱ्यावरील एका निवडीचा इतिहास

मराठीच्या अभ्यासात माध्यमांचा विचार होतो तेव्हा तो बहुधा आशयापाशी थांबतो. मालिकांतील स्त्रीप्रतिमा, साहित्यकृतींची माध्यमांतरे, जाहिरातींची भाषा हे विषय आता पदव्युत्तर वर्गांत चांगलेच रुळले आहेत. हा सारा आशय ज्या पेटीतून घरात आला ती पेटी कोणती होती, ती कोणी निवडली आणि त्या निवडीला मुळात किती वाव होता, हे प्रश्न मात्र आपण तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. छापखान्याचा इतिहास सांगताना आपण असे करीत नाही. शिळाप्रेस, खिळे, कागद आणि टपालाचे दर यांचा मराठी गद्याच्या घडणीशी असलेला संबंध आपण विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून सांगतो. तोच न्याय पडद्याला लावावा, या हेतूने हे टिपण लिहीत आहोत.

आमच्यापुढील क्षेत्र मर्यादित आहे : सिंधुदुर्ग जिल्हा, आणि त्यातही मालवणचा किनारा. उदाहरण त्याहून मर्यादित आहे : दूरचित्रवाणी संच आणि त्याला जोडावयाचा व्हिडिओ गेम. विषय काहींना पोरकट वाटेल. परंतु या दोन वस्तूंची जोडी जुळवताना इथल्या घरांना जे करावे लागले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानात उभे राहून ग्राहक जी निवड करतो, ती निवडीची शेवटची आणि सर्वांत लहान पायरी असते. तिच्या आधीच्या पायऱ्या दूर कुठेतरी, दुसऱ्यांच्या सोयीने आणि पुष्कळदा आपल्या जन्माआधीच ठरून गेलेल्या असतात.

१. दोन आरंभ

१९७२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत मॅग्नावॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे हे पहिले विक्रीयोग्य यंत्र. त्यामागची कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. तिच्यावर तो १९६६ पासून काम करीत होता. यंत्राला आवाज नव्हता. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ एवढेच उमटे. मैदान, जाळे, चक्रव्यूह हे सारे पारदर्शक प्लॅस्टिकच्या रंगीत तावांवर छापलेले असे आणि ते ताव काचेवर चिकटवावे लागत. ताव दोन मापांचे दिलेले असत, कारण कोणाच्या घरी केवढा संच आहे हे कंपनीला ठाऊक नव्हते. खेळाच्या यंत्राची निवड ही आधीच्या पडद्याच्या निवडीला बांधलेली असते, हे सूत्र असे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले.

त्यानंतर काही दिवसांतच, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. दिल्लीत प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ पासून होत होते. दुसरे केंद्र मुंबईचे. मराठी भाषकांच्या दृष्टीने दूरचित्रवाणीचा आरंभ इथे होतो. पण ‘मराठी भाषक’ हा शब्द इथे सैल पडतो. मालवण मुंबईपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे नजर जाईल तेवढ्याच जातात. १९७२ च्या मराठी दूरचित्रवाणीत मालवण नव्हते. पुढची दहाबारा वर्षेही ते जवळजवळ नव्हतेच. चिंतामण त्र्यंबक खानोलकर १९७६ साली गेले. या किनाऱ्याला मराठी साहित्यात ज्यांनी कायमची जागा मिळवून दिली, त्यांचे लेखन अशा मुलखातून आले ज्यात संध्याकाळी घराघरांत निळा उजेड पडत नव्हता. त्यांच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी १९७८ साली चित्रपट केला, आणि त्याची भूमी आंध्रातली होती. पडद्यावर दिसणे आणि पडदा असणे या दोन्ही बाबतींत हा किनारा तेव्हा बाहेरच होता.

२. विजेची लय

आता पहिल्या, म्हणजे सर्वांत दूरच्या निवडीकडे वळू. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी विणलेले असते. अमेरिका आणि जपान यांनी स्वीकारलेल्या पद्धतीत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० क्षेत्रे. युरोपात रूढ झालेल्या पद्धतीत ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० क्षेत्रे. क्षेत्र म्हणजे अर्धे चित्र, एकाआड एक रेषांचे. हे ६० आणि ५० आले कुठून? घरातल्या विजेच्या तारेतून. अमेरिकेत प्रत्यावर्ती वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपात ५० आवर्तनांची. चित्राचा वेग विजेच्या वेगाशी जुळता ठेवला की विजेच्या गुणगुणीमुळे पडद्यावर सरकणारे पट्टे त्रास देत नाहीत, असा तो सुरुवातीच्या काळातला हिशेब होता. आपल्याकडे वीज ब्रिटिशांच्या मार्गाने ५० आवर्तनांची आली. त्यामुळे दिल्लीत संच लागायच्या कितीतरी आधी आपल्या पडद्याची लय ठरून गेली होती.

रंगाच्या बाबतीत निवडीला थोडा वाव होता. अमेरिकेची एनटीएससी ही पद्धत १९५३ ची. तिच्यात प्रक्षेपणाच्या वाटेत रंग बदलण्याची खोड होती. अभियंते तिच्या आद्याक्षरांचा अर्थ थट्टेने ‘एकच रंग दोनदा कधीच नाही’ असा लावीत. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी साठच्या दशकात पॅल ही पद्धत सिद्ध केली. तिच्यात एकाआड एका रेषेवर रंगसंकेताची दिशा उलटवली जाते आणि वाटेत पडलेल्या चुका परस्परांना छेद देतात. फ्रान्सने सेकाम ही तिसरी पद्धत काढली. भारताने पॅल स्वीकारली आणि १९८२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ आले. हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम तेव्हा कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते : घरगुती खेळांच्या यंत्रांची राजधानी ज्या जपानात उभी राहणार होती, तो जपान एनटीएससीच्या बाजूला होता.

३. डोंगर, समुद्र आणि ‘इला काय?’

दुसरी निवड भूगोलाने केली. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, म्हणजे रंगीत प्रसारणाच्या जेमतेम वर्षभर आधी. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. तिच्यामुळे घाटावरचे प्रक्षेपण कोकणात सुखासुखी उतरत नाही. उत्तरेला मुंबई फार दूर. दक्षिणेला पणजी, तिथे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याचा रेडिओक्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर असतो; घरावर दहा मीटर उंच अँटेना असेल तर तिचे स्वतःचे १३ किलोमीटर त्यात मिळवायचे. म्हणजे झाले ५४. शिरोडा आणि वेंगुर्ला पणजीपासून सरळ रेषेत एवढ्या अंतराच्या आत येतात. मालवण सत्तर किलोमीटरच्या पलीकडे, आणि देवगड शंभराच्याही पलीकडे. एकाच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कोणाचीही चूक नसताना, एका गावाला चित्र आणि दुसऱ्याला मुंग्या, अशी विभागणी या साध्या बेरजेने झाली.

‘मुंग्या’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. इंग्रजीत ज्याला बर्फ म्हणतात त्याला मराठी माणसाने मुंग्या म्हटले, कारण बर्फ त्याच्या अनुभवात नव्हता. दूरचित्रवाणीची पारिभाषिक मराठी समित्यांनी घडवली. तिची वापरातली मराठी छपरावर घडली. लांब बांबूला किंवा लोखंडी नळीला बांधलेली अँटेना एकाने कौलांवर चढून फिरवायची, दुसऱ्याने अंगणात उभे राहायचे, तिसऱ्याने संचासमोर. ‘इला काय?’ ‘इला, इला! नाय, गेला!’ असा तो निरोपांचा प्रवास. त्यात खाऱ्या वाऱ्याने अॅल्युमिनियमच्या कांड्यांवर आणि जोडांवर चढणारा गंज, पावसाळ्यात तारेत शिरणारे पाणी, कमीजास्त होणारा विजेचा दाब आणि म्हणून संचाशेजारी अपरिहार्य ठरलेला स्टॅबिलायझर. १९८४ साली दूरदर्शनने काही महिने दिवसाला एक या गतीने लघुशक्ती प्रक्षेपक उभारले. तरीही अशा प्रक्षेपकाचा पल्ला पंधरावीस किलोमीटरच्या आसपास, आणि कोकणातल्या वाड्या डोंगरांच्या कुशीत लपलेल्या. छपरावरचा तो संवाद पुढेही बरीच वर्षे चालूच राहिला.

समुद्राने मात्र कधीकधी उदारपणा दाखवला. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर गरम आणि दमट हवेचे थर असे बसतात की लहरी त्यांच्यात कोंडल्या जाऊन क्षितिजापलीकडे वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते, ते याच कारणाने. पश्चिम किनाऱ्यावर पावसाआधीच्या दिवसांत मध्येच एखादे अनोळखी केंद्र लागे आणि नाहीसे होई, त्याचेही कारण हेच. ज्या किनाऱ्याचा अरबस्तानाशी शतकानुशतके गलबतांचा संबंध होता, त्याला तिकडची चित्रे वाऱ्यावर यावीत यात काव्य आहे. पण त्यावर भरवसा ठेवून कोणी संच घेत नसे.

या पार्श्वभूमीवर काळापांढरा की रंगीत, ही निवड पाहावी. ती केवळ ऐपतीची होती असे आपण समजतो. वास्तविक संकेत दुर्बळ असला की सर्वांत आधी रंग जातो. उजेड-अंधाराचे चित्र मुंग्यांमधूनही ओळखू येते. दोनशे किलोमीटरवरून येणाऱ्या अंधुक चित्रासाठी रंगीत संच घेणे म्हणजे न मिळणाऱ्या रंगाचे पैसे मोजणे. शिवाय चौदा इंची काळेपांढरे संच बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. वीज गेली तरी रविवारचे ‘रामायण’ बुडत नसे. ते २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. या दीड वर्षात कोकणातल्या ज्या घराने काळापांढरा संच घेतला, त्याला मागासलेले समजण्याचे कारण नाही. त्याने परिस्थितीचा अचूक अंदाज घेतला होता.

४. चाकरमानी आणि बोटीवरचा मुलगा

तिसरी निवड नात्यांनी केली. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबईतल्या चाकरमान्याने पाठवलेल्या पैशांवर घर चाले, आणि गणपतीला किंवा शिमग्याला तो स्वतः येई तेव्हा वस्तू येत. दूरचित्रवाणी संच ही अशी मुंबईहून आलेली वस्तू. तो गावातल्या घरासाठी निवडला गेला, पण मुंबईतल्या दुकानात, मुंबईतल्या स्वच्छ चित्रासमोर उभे राहून. चाळीतल्या खोलीत दिसलेले चित्र गावच्या पडवीत दिसेल या समजुतीने कितीतरी संच एसटीच्या टपावरून आले असतील. पुष्कळदा मुंबईत नवा रंगीत संच घेतला की जुना गावी जाई. निवड इथेही गावाची नव्हतीच.

खेळाची यंत्रेही याच वाटेने आली. शिवाय आणखी एका वाटेने. या पट्ट्यात ‘बोटीवर असणे’ हा नोकरीचा प्रकार आहे. व्यापारी जहाजांवरचे खलाशी आणि आखातात गेलेले कामगार रजेवर येताना विजेच्या वस्तू आणीत. निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आले. समजा, असे एखादे यंत्र कोणी योकोहामाहून थेट मालवणला आणले, तर काय होईल? जपानातली घरगुती वीज शंभर व्होल्टची. आपल्या दोनशेतीसवर त्याचा अॅडॅप्टर जळेल. तो बदलला, तरी यंत्र ज्या वाहिनीवर चित्र पाठवते ती आपल्या संचावर सापडणार नाही. ती कशीबशी जमवली, तर साठ क्षेत्रांचे चित्र पन्नासच्या संचावर वरखाली पळू लागेल. ते थांबवले, तर रंग दिसणार नाही, कारण दोन पद्धतींचे रंगसंकेत वेगळ्या जागी असतात. आणि आवाजही येणार नाही, कारण चित्र आणि आवाज यांच्यातले अंतर जपानात ४.५ मेगाहर्ट्‌झ, आपल्याकडे ५.५. जुन्या काळ्यापांढऱ्या संचांना मागच्या बाजूला चित्र स्थिर करण्याची खुंटी असे. ती फिरवून निदान मूक, रंगहीन खेळ तरी स्थिर होई. जुना संच नव्यापेक्षा अधिक सोशिक होता, असे म्हणावे लागते.

५. नकलेचे भाषांतर

मालवणच्या किंवा कुडाळच्या मुलांनी ‘मारिओ’ खेळला तो म्हणूनच बहुधा मूळ यंत्रावर नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः १९९१ नंतर भारतीय बाजारात ज्या पेट्या आल्या त्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांची इथली नावे. आतले कळीचे भाग तैवानमध्ये बनलेले. त्यांतल्या पॅलसाठी बनवलेल्या चिपांची रचना पाहण्यासारखी आहे. चित्र ६२५ रेषांच्या, सेकंदाला ५० क्षेत्रांच्या संचाला चालेल असे. पण आतली घडण अशी बेतलेली की जपानी कॅसेटमधला खेळ मोडणार नाही. निन्टेन्डोने युरोपसाठी काढलेल्या स्वतःच्या पॅल यंत्रावर जपानी खेळ पुष्कळदा बिघडत. नक्कल करणाऱ्यांनी जी युक्ती केली ती मूळ कर्त्याने केली नव्हती, कारण त्याला आपले युरोपीय आणि जपानी बाजार वेगळेच ठेवायचे होते.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे ओळखीचा प्रश्न भेटतो. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केले. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून १८९० साली ‘झुंझारराव’ केले. ‘झुंझारराव’ला आपण नक्कल म्हणत नाही, रूपांतर म्हणतो, कारण इथल्या रंगभूमीच्या अटी लक्षात घेऊन तिथे काही नव्याने घडवलेले आहे. तैवानी पेटीतही तसे काही घडले होते. अर्थात फरकही विसरता येत नाही. देवलांनी मूळ नाटककाराचे नाव लपवले नाही. या पेट्यांनी मूळ कंपनीचे हक्क बाजूला सारले, आणि कॅसेटवर ‘९९९९९९९ खेळ’ असे छापून ग्राहकालाही फसवले. आत प्रत्यक्षात मूठभर खेळ असत. तेच पुन्हा वेगळ्या नावांनी, मधल्याच पायरीपासून सुरू होत. नैतिक निवाडा आणि सांस्कृतिक वर्णन यांची गल्लत न करता दोन्ही सांगणे हे इतिहासकाराचे काम आहे.

आता आमचा मुख्य मुद्दा. मूळ खेळ साठच्या लयीत रचलेला होता; पडद्यावरचे प्रत्येक हालणे आणि संगीतातला प्रत्येक ठेका त्या साठाला बांधलेला. पन्नासच्या संचावर तोच खेळ चालवला की तो एक षष्ठांशाने मंद होतो. जपानातल्या मुलाचा मारिओ जी उडी पाच क्षणांत घेई, ती इथल्या मुलाच्या मारिओला सहा क्षण लागत. धूनही तितकीच संथ. संगीताच्या भाषेत बोलायचे तर स्वर जवळपास तेच, लय मात्र उतरलेली. आज तीच धून मूळ गतीने ऐकताना नव्वदच्या दशकात वाढलेल्या श्रोत्याला ती घाईची वाटते, याचे कारण त्याच्या स्मृतीत नाही. विजेच्या तारेत आहे. एका पिढीच्या बालपणाची लय एका वीजमानकाने ठरवली आणि त्या पिढीला त्याचा पत्ता नव्हता. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. मंद खेळ कदाचित शिकाऊ बोटांना सोयीचाच झाला असेल. मात्र ‘आम्ही तोच खेळ खेळलो’ हे विधान इतिहास म्हणून अपुरे आहे, एवढे लक्षात घ्यावे.

६. एक संच, दोन दावे

चौथी आणि शेवटची निवड घरातली. संच एक, आणि त्याच्यावर दावे अनेक. मुले खेळाची पेटी जोडीत तेव्हा बातम्या, मालिका, क्रिकेट हे सारे बंद. ‘गेममुळे पिक्चर ट्यूब जाते’ हे वडीलधाऱ्यांचे वाक्य महाराष्ट्रभर ऐकू येई. ते निव्वळ धाक घालण्यासाठी होते असे नव्हे. काचनळीच्या पडद्यावर एकच स्थिर आकृती फार वेळ राहिली तर तिचा डाग उमटू शकतो, आणि खेळातला गुणफलक स्थिरच असतो. पण त्या वाक्यामागे खरा प्रश्न मालकीचा होता. दूरदर्शनने शिकवलेला प्रेक्षक हात जोडून बसणारा होता; ‘रामायणा’च्या वेळी तर शब्दशः. पेटी हातात घेतलेला मुलगा पडद्याला आज्ञा करीत होता.

इथे दशावताराची आठवण होते. दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला, राजा कोण, राक्षस कोण, शेवट काय हे सर्वांना ठाऊक. संवाद मात्र नट त्या रात्री उभ्या-उभ्या रचतो. हीच पौराणिक कथा दूरदर्शनवर आली तेव्हा ती संपूर्ण बांधलेली, सर्व देशासाठी एकच आणि बदल न होणारी होती. खेळाच्या यंत्रात सांगाडा पक्का, पण त्यातली वाटचाल खेळणाऱ्याची. दोन्हींना एकाच कुळात बसवण्याचा आमचा आग्रह नाही. एक समूहाची कला, दुसरा कारखान्यात घडलेला खेळ. तथापि दूरचित्रवाणीने दशावतार संपवला नाही, हे जे आपल्याला आश्चर्य वाटते त्याचे एक उत्तर इथे असावे. रात्रभर चालणाऱ्या आणि दर खेपेला वेगळ्या होणाऱ्या आख्यानाची जागा स्थिर पडदा घेऊ शकत नव्हता.

भाषेचा प्रश्नही याच घरगुती निवडीत येतो. दक्षिणेकडे अँटेना वळवली तर पणजीचे कार्यक्रम, त्यांत कोंकणी. उत्तरेकडचे किंवा लघुशक्ती प्रक्षेपकावरचे घेतले तर हिंदी आणि मुंबईचे प्रमाण मराठी. वेंगुर्ल्याच्या कानाला यांपैकी जवळची कोणती, हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. मालवणी स्वतः मात्र कुठेच नव्हती. १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून दिला, मच्छिंद्र कांबळी यांनी तो घराघरांत पोहोचवला, पडद्याने त्यानंतरही दीर्घकाळ तिला विनोदापुरतेच ठेवले. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर आली ती २०१६ साली. मालवणी वळणाचे संवाद मुख्य वेळेत आले, पण भुताखेतांच्या सोबतीने. तेवढ्यावरही पडद्यावर कोकण कसे दिसावे यासंबंधी वाद झाले. ते होणे स्वाभाविक होते. निवडीचा अधिकार कोणाचा, हाच त्यांचा विषय होता.

७. कागद नसलेला इतिहास

या सर्वाचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? रेडिओप्रमाणे दूरचित्रवाणी संचालाही पूर्वी परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. कोणत्या गावात किती संच, हे सांगणारा तो कागद होता. ही परवानापद्धती १९८५ च्या सुमारास रद्द झाली. नागरिकांच्या दृष्टीने सुटका झाली; पण सिंधुदुर्गाच्या घरांत संच येऊ लागले ते नेमके त्याच सुमारास. मुंबई-पुण्याच्या पहिल्या संचांची सरकारी नोंद झाली, या किनाऱ्यावरच्या बहुतेक संचांची झालीच नाही. नकली पेट्यांची नोंद तर कुठेच असण्याचे कारण नाही.

वस्तूही उरलेल्या नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली, खासगी सेवाही त्याच सुमारास आल्या. विखुरलेल्या वाड्यांना केबलची तार कधीच परवडली नसती. तबकडीला डोंगराचा अडथळा होत नाही, फक्त माडाच्या झावळ्या आणि आषाढातला पाऊस यांचा होतो. उत्तर-दक्षिण वळवलेल्या अँटेना उतरल्या आणि तबकड्या आग्नेयेच्या आकाशाकडे पाहू लागल्या. मग सपाट पडदे आले, काचनळ्या भंगारात गेल्या. त्यांच्याबरोबर खेळाचा एक प्रकारही गेला. बदके टिपण्याच्या खेळातली बंदूक काचनळीवर रेषेरेषेने उमटणारा उजेड क्षणार्धात टिपून काम करी. सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटते, म्हणून तीच बंदूक तिथे आंधळी होते. जगभर जुन्या खेळांचे संग्राहक आज जड काचनळ्या शोधत हिंडतात, ते हौसेपोटी खरे, पण त्याला हे तांत्रिक कारणही आहे. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनने आपले बहुतेक जुने भूप्रक्षेपकही बंद केले. आता अँटेना उभारली तरी तिच्यावर काही येणार नाही.

उरते ती माणसांची स्मृती, आणि तीही वयाच्या मर्यादेतली. संच दुरुस्त करणारे, अँटेना बांधून देणारे, कॅसेटी तासावर भाड्याने देणारे दुकानदार आज साठीसत्तरीत आहेत. त्यांच्या वह्या, हमीपत्रे आणि मुख्य म्हणजे त्यांचे शब्द ही साधने आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी मालिकांतील स्त्रीप्रतिमा हा विषय पुन्हा देण्याआधी आपण त्यांना आपल्याच गावात काही प्रश्न घेऊन पाठवावे, असे आम्ही सुचवितो. घरात पहिला संच कोणी आणला आणि कुठून? तो काळापांढरा का घेतला? अँटेनेचे तोंड कोणत्या दिशेला होते? चित्र नसले तर काय म्हणत? खेळाची पेटी कोणी दिली, आणि ती जोडण्याची परवानगी कोण देई? उत्तरे मालवणीत मिळतील तर ती मालवणीतच उतरून घ्यावीत. प्रमाण मराठीत आणताना त्यांतल्या मुंग्या आधी नाहीशा होतील.

या प्रश्नांची उत्तरे गोळा झाल्याशिवाय ‘मराठी प्रेक्षक’ हा आपला लाडका सामान्य शब्द फारसा विश्वासार्ह नाही. मुंबईचा प्रेक्षक १९७२ चा आहे, वेंगुर्ल्याचा ऐंशीच्या दशकातला, आणि डोंगराआडच्या एखाद्या वाडीचा कदाचित २००४ नंतरचा. त्यांना एका कालखंडात बसवून लिहिलेला माध्यमांचा इतिहास हा प्रक्षेपणाचा इतिहास होईल. ग्रहणाचा इतिहास अजून लिहायचा आहे.